बारवेवरच्या लेकी

जिजी,

तुझ्या तेराव्याला मला तुझ्या माहेरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं होतं. अकोल्याकडून आलेल्या तुझ्या भावजयीनं विचारलं, "तुमी कोन वं त्यांच्या?" मी काही सांगायच्या आत तुझी सून वाढता वाढता म्हणाली, "या त्यांच्या भांडायच्या बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मात्र पंगतीतून उठता येत नाही म्हणून तशीच भात चिवडत बसून राहिले.

सून काही खोटं बोलली नाही. आपण भांडायचोच. पहिल्या भेटीतच सुरुवात झाली होती.

आमच्या घराच्या भिंती तेव्हा कमरेइतक्या आल्या होत्या. आम्ही माळीवाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, मी नगरातल्या प्राथमिक शाळेत. नवलापूरच्या शिवारात सोसायटीचे प्लॉट पडले तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या लांब गावाबाहेर कोण जाईल? आम्ही गेलो. रविवारी भिंतींवर पाणी मारायला म्हणून आले, तर जिथं माझं स्वयंपाकघर होणार होतं तिथं एक बाई विटांच्या थप्पीवर बसलेली, आणि शेजारी शेळी.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"तू कोन?"

"हे आमचं घर आहे."

"आसंल. हे माझं वावर हुतं." तू शेळीला जवळ ओढलंस आणि पायाखालच्या जमिनीकडं बघून म्हणालीस, "हितं मेथी लई गोड यायची. सैपाक हितंच करनार ना? मंग बरं हाय."

मला वाटलं, बाई जमिनीसाठी रडायला आली आहे. तसं काही नव्हतं. थोरल्यानं टेम्पो घेतला होता, धाकटा नागापूरच्या बाजूला नव्यानं उघडलेल्या कारखान्यात लागला होता. कसायला हात उरले नव्हते. पुढं एकदा मी विचारलं तेव्हा तू सरळ सांगितलंस, "पोरांनी इचारलं, मी व्हय म्हनले. कुनाला बोल न्हाई. पन व्हय म्हनलं म्हंजी बगायला बी येऊ नये, असा काय कायदा हाय का?"

नव्हता. म्हणून तू रोज यायचीस. शेळी घेऊन, दिवस कलता कलता. मी शाळेतून आलेली असायचे. तू पायरीवर बसायचीस, आत यायची नाहीस. वावरात आल्यासारखी यायचीस, घरात आल्यासारखी नाही. मी "जिजी, तुम्ही चहा घेता का?" म्हटलं की खेकसायचीस, "आवो-जावो जावायला कर. मला तू म्हन." मला जमायला वर्ष लागलं. आपल्याकडं आईला तू म्हणतात, सासूला अहो. माझी आई मी लहान असतानाच गेली. तू म्हणायला माझ्या तोंडात कुणी नव्हतंच, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तूही बाहेरचीच. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तू आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातली, भाताच्या देशातली. आमच्या या फुफाट्यात लग्न होऊन आलीस तेव्हा तुला बायका 'डोंगरी' म्हणायच्या. तुझ्या बोलण्याला हसायच्या, तर तू दोन पावसाळे कुणाशी बोललीच नाहीस. "मग?" मी विचारलं. "मंग काय, यांच्यासारखं बोलाया शिकले. आता माहेरी गेले की ते हसत्यात."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तुला बारवेवर नेलं होतं. नवलापुरात नवी सून आधी बारवेची पूजा करते, मग चुलीला हात लावते. नगरच्या बादशाहीतली बारव ती. दगडी पायऱ्या खाली खाली उतरत जातात, मध्ये एक कमान, आणि तळाशी गार काळं पाणी. त्या वेळी भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून घालून इथलं पाणी शहरात नेलं होतं, कुठल्याशा बागेतल्या महालाला. ते नळ केव्हाच फुटले, बुजले. बारव राहिली. तू सांगायचीस, "डोंगरातनं आलेली मी, मला वाटलं हितं मी तहानंनं मरनार. खाली वाकून पानी बगितलं आन् म्हनलं, ऱ्हाईन."

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीचंही धड नव्हतं.

सोसायटीची विहीर आधी आटली. नगरपालिकेचं पाणी आम्हाला नव्हतं, कारण आम्ही हद्दीबाहेर. टँकर येईल म्हणून बायका रस्त्याकडं डोळे लावून बसायच्या. तो आला तर यायचा. गावातल्या विहिरींनीही मान टाकली. बारवेत मात्र पाणी होतं. कमी होत होतं, पण होतं.

सरपंच तुझा पुतण्या, रंगनाथ. माणूस वाईट नव्हता. पाणी थोडं आणि तोंडं जास्त झाली की चांगल्या माणसालाही दारात उभं राहावं लागतं. त्यानं ठरवलं, बारवेचं पाणी गावाला. प्लॉटवाल्यांनी आपलं बघावं. आमची मतदारयादीतली नावंसुद्धा अजून नगरातच होती. मी हंडा घेऊन गेले त्या दिवशी तो वरच्या पायरीवर उभा होता. "बाई, तुमी शिकलेल्या," तो खाली मान घालून म्हणाला. "समजून घ्या. गावालाच पुरंना झालंय."

मी परत फिरले होते. तेवढ्यात तुझा आवाज आला, खालून, कमानीतून. "कोन हाय रं?"

"प्लॉटातल्या बाई हायेत, काकी."

तू भरली घागर कमरेवर घेऊन वर आलीस, धापा टाकत. "प्लॉटातली कशानं? माझी लेक हाय ती."

"काकी…"

"माझ्या वावरात ऱ्हाती का न्हाई? मंग माझीच झाली. माहेरी आलेल्या लेकीला गाव पानी न्हाई म्हनत आसंल तर सांग, मी बी घागर पालथी करते."

रंगनाथ बाजूला झाला. मी पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरले. खाली कमानीत इतकं गार होतं, जिजी, की बाहेर दुष्काळ आहे हे क्षणभर खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याबरोबर शेजारच्या रशीदाभाभींना आणलं. त्यांचे मालक कापडबाजारात शिवणकाम करायचे, घरात तान्हं मूल. रंगनाथनं तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालीस, "ही बी." मग पोस्टातल्या जोशींची बायको आली. "ही बी." मग बँकेतल्या शिपायाची नवी नवरी आली, तिला तर तू आधी पाहिलंही नव्हतंस. "ही बी, ही धाकली." रंगनाथनं कपाळावर हात मारला. "काकी, तुला लेकी तरी किती?"

"देवानं पोरंच दिली हुती," तू म्हणालीस. "आता उशिरानं देतोय, तर न्हाई कशाला म्हनू?"

बायका हसल्या, रंगनाथही हसला. हसला म्हणून हरला. आमच्या कॉलनीत त्या उन्हाळ्यात घरटी दोन हंडे पाणी आलं ते त्या हसण्यामुळं आलं. संध्याकाळी तू माझ्या पायरीवर बसलेली असताना एकेक जण येऊन तुला काहीबाही देऊन जायची. कुणी वाटीभर शेंगदाणे, कुणी लोणच्याची फोड. तू पदरात बांधायचीस आणि म्हणायचीस, "लेकींनी म्हाताऱ्या आईला पोसायची पाळी आली म्हना की."

इथंच थांबता आलं असतं. तुझ्या तेराव्याला बायका ही एवढीच गोष्ट सांगत होत्या. पण आपलं सगळ्यात मोठं भांडण त्याच्या पुढचं आहे, आणि ते गाळून मी तुझ्याविषयी लिहिलं तर तुलाच पटणार नाही.

शेवंता. माझ्या घराच्या विटा तिनं डोक्यावरून वाहिल्या होत्या. पलीकडच्या बौद्धवाड्यातली, माझ्याच वयाची. दुष्काळी कामावर, रस्त्याच्या खडीवर, तू आणि ती एकाच टोळीत होतात. बारवेवर मात्र ती वरच थांबायची. हंडा खाली ठेवून उभी राहायची, आणि कुणी भरून वर आली की तिच्या हंड्यात वरून ओतायची. कुणी घाईत असली तर नाही ओतायची. मी शहरातून आलेली, बारवेची लेक होऊन त्याच दिवशी थेट पाण्यापर्यंत गेले. शेवंता याच गावात जन्मली, इथंच वाढली, आणि ती वर उन्हात उभी.

मी तुला पायरीवर विचारलं, "एवढ्या लेकी केल्यास. तिला का नाही?"

तू शेळीच्या दाव्याशी चाळा करत राहिलीस. मग म्हणालीस, "त्ये येगळं हाय."

"काय वेगळं?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला कळतं म्हणूनच विचारते."

तू उठलीस. "तू हितं ऱ्हायला आलीस का गाव सुधराया? ऱ्हायला आलीस तर ऱ्हा." आणि शेळी ओढत निघून गेलीस. कितीतरी दिवस आली नाहीस. मी पाण्याला जायचे, तू बघायची नाहीस. मीही हट्टानं बोलले नाही. हे म्हणायचे, एवढं चांगलं माणूस, कशाला तोडतेस? मला वाटायचं, चांगलं आहे म्हणूनच तर विचारलं. रंगनाथला मी विचारलं असतं का?

मग एक दिवस सकाळी तू बारवेवर माझ्या देखत शेवंताजवळ गेलीस. मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणालीस, "चल खाली. तू बी माझी लेक." तुझा चेहरा मला अजून दिसतो. एखादी जड वस्तू उचलून दारात आणून ठेवावी तसा. माझ्याकडं एक नजर टाकलीस, झालं का समाधान, अशी.

शेवंता तुझ्याकडं बघत राहिली. मग हळूच, अगदी आदरानं म्हणाली, "जिजी, मला कुनाची लेक व्हायचं न्हाई. माझी आय हाय जिती. पानी गावाचं हाय आन् मी गावची हाय."

आणि हंडा उचलून ती पायऱ्या उतरू लागली. एकटी.

 खालच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. दोघीतिघी रिकामे हंडे घेऊन तरातरा वर आल्या. मी तुझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तूही निघून जाशील. तू होतीस तिथंच, पायरीच्या मधोमध, मटकन बसलीस. रंगनाथ धावत आला. "काकी, हे काय चाललंय?"

"मला काय इचारतो?" तू म्हणालीस. "ती खाली हाय. तिला इचार."

तो तुला ओलांडून जाऊ शकत नव्हता, आणि तू उठत नव्हतीस. शेवंता भरला हंडा घेऊन वर आली तेव्हा मात्र तू सरकलीस. पायरी अरुंद. तिचा ओला पाय तुझ्या लुगड्याला लागला. तू लुगडं आवरून घेतलं नाहीस. एवढंच झालं. काही बायका त्यानंतर आठवडाभर बारवेवर आल्या नाहीत. तहानेनं त्यांना परत आणलं. मनानं आल्या की नाही, देव जाणे.

त्या संध्याकाळी तू आलीस, आणि पहिल्यांदा पायरी ओलांडून आत आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस.

"ती बरूबर बोलली," तू म्हणालीस.

"हो."

"पन मला राग आला गं."

"कशाचा?"

 "मी द्याया गेले. आन् तिनं घेतलंच न्हाई."

मी शिकलेली, मुलांना शिकवणारी, पण स्वतःच्या मनात हात घालून इतकं खरं काढून समोर ठेवताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. मी चहा टाकला. तू तो पहिल्यांदा घरात बसून प्यायलीस. शेवंताचं आणि तुझं पुढं गूळपीठ झालं असंही नाही. खडीवर एकमेकींच्या शेजारी बसायचात, कामापुरतं बोलायचात. एकदा ती म्हणाली, "जिजीचं बरं हाय. ती गोड बोलून फसवत न्हाई." तुला मी ते सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तिला म्हनावं तू बी न्हाई," आणि दिवसभर खूश होतीस.

तुझ्या भाऊकीनं त्याचा राग धरला. थोरल्या दिराच्या नातीच्या लग्नाचं तुला बोलावणं आलं नाही. मांडव तुझ्या दारातून दिसत होता. त्या दिवशी तू माझ्याकडं आलीस, आपण पिठलं-भाकरी खाल्ली, आणि वाजंत्री ऐकू येत असताना तू मला तुझ्या डोंगरातल्या लग्नातली गाणी म्हणून दाखवलीस. आवाज अजिबात चांगला नव्हता तुझा. मी डोळे पुसले ते हसून हसून. तुझे कशानं भरून आले होते ते विचारलं नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. आणि मग सगळंच भराभरा झालं. तुम्ही फोडलेल्या खडीवर डांबर पडलं. त्या रस्त्यावरून शहर चालत आलं म्हणेनास का. आमच्या पलीकडं प्लॉट, त्याच्या पलीकडं प्लॉट. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, मग दवाखाना. नगरची बस सुरू झाली तेव्हा मी तुला हट्टानं बसवून नेलं. जन्मभर भाजीची पाटी घेऊन नगरला पायी गेलेली तू, खिडकीशी बसलीस. दिल्लीगेटला उतरायची वेळ आली तर म्हणालीस, "एवढ्यात आलं बी? बोलनं अर्धं ऱ्हायलं की." आणि परत येताना चालत जाऊ म्हणून अडून बसलीस. चाललो आपण. बोलणं पुरं केलं.

आणि नवं भांडण निघालं: गाव नगरपालिकेत घालायचं की नाही. हद्दीत गेलो तर नळ येणार होते, घरोघर. मी म्हणायचे, जायलाच हवं. तू म्हणायचीस, अजिबात न्हाई.

"अगं, पाणी दारात येईल."

"पूर्वी आपलं पानी नगराला जायचं. आता नगराचं पानी आपल्याला येनार. देनारा गाव हुता, घेनारा व्हनार. ह्यात तुला लई मोठेपना वाटतो व्हय?"

"जिजी, नळ कुणाला विचारत नाही, तू कुणाची लेक म्हणून. शेवंताच्या दारातही तसाच वाहतो."

 हे तुला पटायचं, मला ठाऊक आहे. पण एकदा तू म्हणालीस, "खरं हाय तुजं. नळ कुनाला इचारत न्हाई. पन नळ कुनाला वळखत बी न्हाई."  तुझी बारव अजूनही भरलेली आहे, जिजी. पण सोसायटीच्या आणि गावातल्या विहिरींना पुन्हा पाणी आल्यापासून बायका तिथं हळूहळू कमी जातात. येतात त्या एकट्या येतात, भरतात, जातात.

तुझ्याच सांगण्यावरून आम्ही मतदारयादीतली नावं इकडं आणली होती. "भांडायचं तर गावात नाव लावून भांड," म्हणाली होतीस. ग्रामसभा ठरली. तू म्हणालीस, "येते मी. चार मानसांत तुला गप करते." मीही म्हटलं, ये.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी तू जेवून भिंतीला टेकलीस आणि उठली नाहीस. धाकटा कारखान्यातून, थोरला टेम्पो घेऊन श्रीगोंद्याहून धावत आला. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. ती म्हणत राहिली, मी निघाले.

तुझं दहावं-तेरावं होईपर्यंत रंगनाथनं सभा पुढं ढकलली. ती काल झाली. मारुतीच्या देवळासमोर गाव आणि कॉलनी पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली. शेवंता आणि मी शेजारी शेजारी. रंगनाथ म्हणाला, "बाई, तुमी बोलनार हुता."

मी उठले. माझं सगळं तयार होतं, नळ, दवाखाना, दिवे, सगळं. पण समोर बघितलं तर तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतंच. होते ते पुढारी, त्यांची आपापली कारणं होती. तुझं कारण कुणाकडं नव्हतं. मग मी म्हटलं, आधी जिजीचं म्हणणं सांगते, ती आज इथं असणार होती. आणि सांगितलं, जिजी. तुझ्याच शब्दांत. देणाऱ्या आणि घेणाऱ्या गावाचं, नगरपर्यंतच्या पायी वाटेवर पुरं होणाऱ्या बोलण्याचं, न ओळखणाऱ्या नळाचं. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. रशीदाभाभींनी पदर डोळ्याला लावला. रंगनाथ जमिनीकडं बघत होता. त्यानंतर मी माझं सांगितलं, पण तोवर कुणाचं लक्ष नव्हतं.

हात वर करायची वेळ आली. मी नगरपालिकेच्या बाजूनं हात वर केला. रागावू नकोस, माझं मत तेच आहे. शेवंतानंही केला. पण तुझ्या बाजूला हात जास्त निघाले. आम्ही पडलो.

उठताना रंगनाथ म्हणाला, "बाई, तुमच्याच बोलन्यानं तुमी पडलात."

शेवंता माझ्याबरोबरच देवळाबाहेर आली. मग रस्त्यात थांबून माझ्यावर कडाडली, "तिची बाजू एवढी चांगली कशाला मांडायची वं? मला नळ पायजे!"

मी म्हटलं, "ती स्वतः असती तर याहून चांगली मांडली असती."

"ती आसती तर मी तिला बगून घेतलं आसतं," शेवंता म्हणाली, आणि तिथंच, नव्या डांबरी रस्त्याच्या कडेला, रडायला लागली. मग मीही.

शेवटी सरकार करायचं ते करीलच. गावाच्या ठरावानं शहरं थांबत नाहीत. पण हा प्रश्न पुन्हा येणार आहे, आणि तेव्हाही मी उभी राहणार आहे. आत्ताच सांगून ठेवते, जिजी: त्या वेळी मी फक्त माझीच बाजू मांडीन. तुझं तू बघ.